नावापुढची खूण

सात नंबरच्या पलंगाच्या डाव्या बाजूला एक स्ट्रेचर, उजव्या बाजूला दुसरं, आणि मध्ये मी. दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या हातात आमच्याच संगणकाने छापलेली चिठ्ठी होती आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, पलंग सात.

"आम्ही आधी आलोय," डावीकडची सून म्हणाली.

"आधी-नंतर काही नाही, कागद बघा," उजवीकडचा मुलगा म्हणाला.

पेशंट मात्र दोघेही समजूतदार निघाले. डावीकडच्या आजोबांनी मान वळवून विचारलं, "तुम्ही घोरता का हो?" उजवीकडचे गृहस्थ धापा टाकत म्हणाले, "बायको म्हणते, घोरतो." तेव्हा आजोबा मला म्हणाले, "मग मला दुसरीकडे न्या, सिस्टर. भांडण मिटलं." मी पलीकडच्या वॉर्डातून एक पलंग उसना मागून घेतला, आजोबांना तिकडे हलवलं आणि तळमजल्यावर फोन लावला.

ह्या रुग्णालयात कोण कुठे निजणार हे ठरवण्याची जबाबदारी माझी. मला सल्ला देतो एक प्रोग्राम, आणि तो लिहिलाय तळमजल्यावरच्या बाईंनी. सगळे त्यांना पाठीमागे अर्थातबाई म्हणतात, कारण कुठलंही वाक्य त्या 'अर्थात' म्हणून सुरू करतात. मीही म्हणायचे. त्या धावत जिना चढून आल्या, चष्मा केसांवरून डोळ्यांवर ओढला, दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरून वाचल्या, आणि त्यांचा चेहरा खुलला. माझं डोकंच फिरलं.

"अर्थात," त्या म्हणाल्या. "हे आज ना उद्या होणारच होतं."

"मग आधी सांगायचं होतंत! मी इथे दोघांना एकमेकांच्या कुशीत झोपवणार होते का?"

त्या खजील झाल्या. चहाच्या वेळी स्वतःहून माझ्या टेबलाशी आल्या आणि बिस्किटाचा पुडा मध्ये ठेवून समजावू लागल्या.

"हे बघा सिस्टर, ह्या यंत्राला आपण हुकूम देत नाही. आधी हे कर, मग ते कर, असं सांगतच नाही. नुसतं खरं काय ते सांगतो. सातवा पलंग रिकामा आहे, हे खरं. त्याच्याशेजारी ऑक्सिजनची नळी आहे, हे खरं. ज्याला धाप लागते त्याला नळीजवळचा पलंग द्यावा, हा नियम. मग आपण विचारतो, ह्या पेशंटला कुठला पलंग? आणि ते आपलं आपण शोधून काढतं."

"काढलं की. दोनदा काढलं."

"कारण त्याच्या लेखी एकदा खरं ते कायमचं खरं. दोन आणि तीन पाच, हे कितीही वेळा वापरा, झिजत नाही. पण पलंग रिकामा असणं एकदा वापरलं की संपतं. ते संपणंच त्याला ठाऊक नाही."

"मग पाटी लावा ना, भरला म्हणून."

"तेच करत आले इतकी वर्षं. पण पाटी लागते उत्तर दिल्यावर. आज अपघात विभागाने दोघांसाठी एकदम विचारलं. यंत्राने एकाच विचारात दोघांची सोय बघितली, तो विचार पुरा होईपर्यंत पाटी लागलीच नव्हती. बरं, विचार करता करता लावावी, तर पुढे वाट बंद झाली की ते मागे फिरतं आणि दुसरी वाट धरतं. मग लावलेल्या पाट्या काढणार कोण? रिकामे पलंग भरलेले दिसायला लागतील."

मी कपाळाला हात लावला. "मग आता?"

"भाषाच वाढवायला हवी," बाई म्हणाल्या, जणू एखाद्या फ्रॉकची उंची वाढवायची होती. "दोन तऱ्हेच्या गोष्टी. काही राहणाऱ्या, काही खर्च होणाऱ्या. खर्च होणारी एकदाच वापरायची. वाट चुकली तर होती तशी परत ठेवायची. आणि शेवटी बघायचं, कुठली दोनदा गेली नाही ना, कुठली हरवली नाही ना." मग घाईने म्हणाल्या, "हे माझ्या डोक्यातलं नाही हं. मोठमोठ्या लोकांनी कधीचं लिहून ठेवलंय. मी वाचलंही होतं. आपल्याकडे करायचं राहून गेलं."

"का राहिलं?"

"घरी बाबा असतात ना," त्या म्हणाल्या आणि बिस्किट चहात बुडवलं.

त्यांचे बाबा मला ठाऊक होते. बाई माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहत आणि मी अधूनमधून बाबांची पाठ बघायला जात असे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात म्हणून. बाबा पोहण्याचे शिक्षक होते. खांदे अजून रुंद, पण झटक्याने उजवी बाजू गेली आणि बोलणंही जवळजवळ गेलं. 'हं', 'नको' आणि 'बरं' एवढं उरलं. एकदा एक मदतनीस बाई ठेवून पाहिली होती. ती भरवायला बसली आणि बाबांनी दात आवळले ते उघडलेच नाहीत. त्या दिवसापासून घरात ठरून गेलं की बाबा फक्त ताईच्या, म्हणजे बाईंच्या, हातून जेवतात. बाई दुपारी रुग्णालयातून पळत घरी जात, भरवत आणि पळत परत येत. "काय करणार, माझ्याशिवाय खातच नाहीत," त्या म्हणायच्या. वाक्य तक्रारीचं असायचं, पण ते म्हणताना मान जराशी ताठ व्हायची. मला ते कळायचं.

धाकटा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला. लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामावर. वाईट नव्हता हो. रविवारी फळं घेऊन यायचा, बाबांना खेळांच्या बातम्या वाचून दाखवायचा आणि जेवणाच्या वेळेला उठायचा. "ताई, तू आहेसच," म्हणून चपला घालायचा.

तर बाईंनी भाषा वाढवायला घेतली. महिनेच्या महिने चाललं ते. शेवटी एक दिवस मला त्यांच्या खोलीत बोलावलं, कारण प्रोग्राममधल्या एकेका गोष्टीपाशी ठरवायचं होतं की ही राहणारी की खर्च होणारी. राहणाऱ्या गोष्टीपुढे त्या उद्गारचिन्ह ठेवत. चिन्ह असलं की हवी तितक्या वेळा वापरा, नसलं की एकदाच.

"भिंतीतली नळी?"

"राहणारी," मी म्हणाले.

"सुटं सिलिंडर?"

"खर्च होणारं."

"रात्रपाळीची परिचारिका?"

"पहाटेपर्यंत पार खर्च होते."

"पण दुसऱ्या दिवशी परत येते. अर्थात, परत केल्याचा वेगळा नियम लागेल." त्यांनी लिहून घेतलं. "मोठे डॉक्टर?"

"ते कधी सापडतात? लिहूच नका."

बाई हसल्या की आवाज न करता खांदे हलतात. ते दिवस मजेत गेले. नवा प्रोग्राम चालू झाला, अपघात विभागाने मुद्दाम चार-चार जणांसाठी एकदम विचारून पाहिलं आणि पलंगावरून एकही भांडण झालं नाही. अधीक्षकांनी जिन्यात गाठून बाईंचं कौतुक केलं आणि लगेच पुढचं काम सांगितलं.

त्यानंतर एका दुपारी मी चहाला खाली गेले तेव्हा बाई हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या. असल्या भाषांवर काम करणारी मंडळी वर्षातून एकदा कुठेतरी जमतात म्हणे. त्यांतल्या एकांना बाईंनी एक शंका विचारली होती. त्यांनी उत्तर पाठवलं, शंकेचं नंतर बघू, तुम्ही प्रत्यक्ष पलंगांवर हे चालवलंत, तर आधी इथे येऊन आम्हाला सांगा. चार दिवस. विमानाने जावं लागेल असं शहर.

"ज्यांचं वाचत वाचत मी शिकले ना सिस्टर, ते सगळे समोर बसणार," त्या म्हणाल्या. "छान आहे ना? कळवते त्यांना, जमणार नाही म्हणून."

"का पण?"

"बाबांचं जेवण."

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. धाकटा. त्याचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू येत होता. त्याच आठवड्यात तो बायकामुलांना घेऊन कुठेतरी जाणार होता. "ह्या रविवारी येतोय, पुढच्या रविवारी मात्र नाही जमायचं ताई. पण तू आहेसच."

"हो रे, मी आहेच. जाऊन या," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मला इतका राग आला की मी त्यांच्याकडे न बघता पडद्याकडे बघितलं. पडद्यावर त्याच गोष्टी होत्या, ओळीखाली ओळ. एका ओळीत बाईंचं नाव होतं.

"हे काय?"

"मी. यंत्र अडलं तर कोणाला बोलवायचं, त्याची सोय."

"तुमच्यापुढे खूण आहे."

"अर्थात. मी असतेच ना."

"बाई, वरच्या ओळीत नळी आहे, खालच्या ओळीत भिंत आहे, आणि मध्ये तुम्ही. दुसऱ्या कुठल्या जिवंत माणसापुढे खूण लावलीत का? माझ्यापुढे तरी लावलीत का?"

त्यांनी खुर्ची पडद्याकडे ओढली. मग काय वाटलं कोण जाणे, एक कोरी खिडकी उघडली आणि टाइप करू लागल्या, मला वाचून दाखवत. त्या आठवड्यात तीन ठिकाणी माणूस हवंय. यंत्र अडलं तर इथे एक. बाबांना भरवायला घरी एक. बोलायला त्या सभेत एक. आणि हाताशी आहे कोण, तर बाई, खुणेसकट. त्यांनी विचारलं, जमेल का? उत्तर ताबडतोब आलं: हो.

"बघा," त्या म्हणाल्या. मग नावापुढची खूण पुसली आणि पुन्हा विचारलं. उत्तर आलं: नाही.

आम्ही दोघी त्या 'नाही'कडे बघत बसलो.

"इथलं काम त्या तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याला येतं," मी म्हणाले. "सोप्या अडचणी तोच सोडवतो. लिहा त्याला."

लिहिलं. तरीही नाही.

"भावाला लिहा."

त्यांनी भावाला लिहिलं आणि त्याखाली आणखी एक नियम लिहिला: बाबा फक्त ताईच्या हातून जेवतात. विचारलं. नाही.

"हा नियम कोणी केला?"

"बाबांनीच. त्या मदतनीस बाईला..."

"किती वेळा?"

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "एकदाच. पण सिस्टर, हा मी खोडला आणि खोटा ठरला नाही, तर ते चार दिवस उपाशी राहतील. पलंगाची चूक झाली तर तुम्ही दुसरा पलंग शोधता. इथे काय शोधाल?"

हे खरं होतं. मी परिचारिका आहे, म्हातारं माणूस चार दिवस न जेवल्यावर काय होतं ते मला पुस्तकात वाचावं लागत नाही. तरी मी म्हणाले, "मी येईन दोन्ही वेळा. काही झालंच तर मी आहे. चार दिवसांपुरती हं, खूण लावू नका."

त्यांनी नियम खोडला नाही. खिडकी तशीच ठेवून फोन उचलला.

"अरे, ऐक. त्या आठवड्यात मी नाहीये."

भाऊ म्हणाला, "नाहीये म्हणजे?"

"नाहीये म्हणजे बाहेरगावी चाललेय. कामाला."

"मग बाबा?"

"तू."

"ताई, काहीतरीच काय! माझ्या हातून ते जेवणार आहेत का?"

"शिकवते," बाई म्हणाल्या.

भावाने एक दिवस मागून घेतला. त्याच्या बायकोने भांड्यांची बरीच आदळआपट केली असावी, पण दुसऱ्या दिवशी त्याने फोन करून सांगितलं, आमचं जाणं रद्द केलं, येतो. रविवारी बाईंनी त्याला शेजारी बसवून दाखवलं. चमचा डावीकडून द्यायचा, कारण उजव्या गालाला कळत नाही. गिळल्याशिवाय दुसरा घास नाही. घाई नाही. मग वाटी त्याच्या हातात दिली. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा ताईकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं. "नको." शेवटी बाईंनीच भरवलं. जाताना भावाचा चेहरा उतरला होता. बाईंचा तसा उतरला नव्हता. मी दारातून बघत होते म्हणून सांगते.

"कळवून टाकते त्यांना, नाही म्हणून," त्या मला म्हणाल्या.

"तुम्ही समोर बसल्यावर ते त्याच्या हातचं कशाला खातील? मी त्यांच्या जागी असते तर मीही खाल्लं नसतं."

त्यावर त्यांनी तिकीट काढलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं, कुठे जाणार, कशासाठी, कधी येणार. बाबा "बरं" म्हणाले.

त्या गेल्या त्या दुपारी मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या घरी पोचले, तेव्हा धाकटा वाटी घेऊन बसला होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. बाबांची नजर दाराकडे. पहिला चमचा, "नको." थोडं थांबून दुसरा, दात आवळलेले. मी खुर्ची ओढून मागे बसले. माझ्या पिशवीत नळीने भरवायचं सगळं सामान होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

"बाबा, थोडं तरी. ताई मला मारेल," तो म्हणाला. बाबांनी डोळे मिटले.

त्याने पुन्हा चमचा भरला. उगीच फार भरला, आणि सगळं त्याच्याच शर्टावर सांडलं. गडबडीने पुसायला गेला तर वाटी कलंडली आणि अर्धी वाटी त्याच्या मांडीवर. तो उभा राहून लहान मुलासारखा हात झटकू लागला. तेवढ्यात एक आवाज आला. मला आधी वाटलं बाबांना ठसका लागला. ते हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं, डावा गाल वर, उजवा जागच्या जागी. आणि हसण्याने तोंड उघडलंय हे बघून त्या वेड्याने उरलेल्यातला चमचाभर सरळ आत सरकवला. मी ओरडणारच होते. पण बाबांनी जीभ फिरवली, गिळलं, आणि मुलाकडे बघत राहिले.

"डावीकडून," मी म्हणाले.

त्याने डावीकडून दुसरा दिला. मग तिसरा. स्वयंपाकघरातून आणखी आणावं लागलं. जेवण झाल्यावर धाकटा मोरीत तोंड धुवायला गेला तो बराच वेळ आला नाही. नळ चालू होता.

काम संपल्यावर, संध्याकाळच्या जेवणाला मी पुन्हा गेले. तेही झालं, न सांडता. मग बाईंचा फोन आला. माझ्याच फोनवर. त्यांच्या मागे पुष्कळ माणसांचा गलका होता.

"जेवले?"

"जेवले."

"थोडं तरी?"

वाटेत मी ठरवत आले होते की 'थोडंसं' म्हणावं, म्हणजे त्यांना बरं वाटेल. पण थोडंसं ऐकलं तर ह्या बाई पहिल्या विमानाने परत येतील.

"सगळं. दोन्ही वेळा."

"तुम्ही भरवलंत ना?"

"नाही. त्याने."

गलका ऐकू येत राहिला. बाईंना आनंद झाला होता आणि त्यांना फार लागलंही होतं, आणि मी इतक्या लांबून दोन्हीपैकी कशालाच हात लावू शकत नव्हते.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी माझं आहे. पहिलंच. समोर ते सगळे असतील. बाबांना द्या ना फोन, त्यांना सांगते."

मी फोन बाबांच्या कानाशी धरला. "बाबा, मी," असं ऐकू आलं. बाबा "हं" म्हणाले. मग बाई सांगू लागल्या, सभागृह केवढं आहे, खिडकीतून काय दिसतं, कोण कोण भेटलं, भरभर, शाळेतून आलेल्या मुलीसारख्या. बाबांनी थोडा वेळ ऐकलं. तेवढ्यात धाकटा पाण्याचा पेला घेऊन आला. बाबांनी मान वळवली, कान फोनपासून सुटला, आणि मुलाकडे बघून त्यांनी तोंड उघडलं.

फोन हवेत राहिला. त्यातून बाईंचा आवाज येत होता. मी तो माझ्या कानाला लावला.

"ऐकतायत ना?" त्यांनी विचारलं.

"ऐकतायत," मी म्हणाले. "बोला तुम्ही."